वाक्यानंतरचं हं

दर्यापूरच्या एसटी स्टँडवर मी बसच्या खिडकीत बसले होते आणि खाली उभी राहून आई मला शुद्धलेखन घालत होती. म्हणजे सूचनाच देत होती, पण तिच्या तोंडून कुठलीही गोष्ट शुद्धलेखनासारखीच यायची. "पोचली की फोन करजो. हं. धपाटे आजच संपवजो, उद्या वास मारतीन. हं. कोनाच्या भरवशावर सामान ठेवू नको. हं." प्रत्येक हं नंतर ती थांबायची आणि मी "हो" म्हटल्याशिवाय पुढे सरकायची नाही. मागे बाबा उभे होते, बसच्या टायरकडे बघत. तो टायर त्या दिवशी त्यांना फारच आवडला होता. बस हलली तेव्हा आईची एक सूचना अर्धीच राहिली. ती काय होती ते मी पुढे कितीदा तरी विचारलं. तिला आठवलं नाही.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. चौथीला मी तिच्याच वर्गात होते. ती वाक्य सांगायची, हं म्हणून थांबायची, पोरांच्या माना वर आल्या आणि "हो बाई" ऐकू आलं की पुढचं वाक्य. शाळेत मीही तिला बाईच म्हणायचे. एकदा भर वर्गात तोंडून आई निघालं, तर तिनं ऐकूच आलं नाही असं दाखवलं, आणि घरी आल्यावर मला जवळ घेऊन पोट धरून हसली. पुढे ती निवृत्त झाली, पण ते हं काही निवृत्त झालं नाही. भाजीवाल्याला, डॉक्टरला, गणपतीलासुद्धा ती तसंच सांगायची.

तुमच्यातले जे माझ्यासारखेच तिकडून इकडे आले, त्यांना पुण्यातले पहिले दिवस काय सांगायचे! शनिवार पेठेत मी खोली घेतली. घरमालकीणबाईंना फोनवर म्हटलं, "मी सामान घेऊन येऊन राहिली." पलीकडून थंडगार आवाज आला, "येताय की राहताय? काय ते एक ठरवा." त्या दिवसापासून मी तोलून-मापून बोलायला लागले. आता अशी बोलते की दर्यापूरला गेले की मामेबहिणी म्हणतात, आली पुण्याची पाहुणी. इथे मला तिथली धरतात, तिथे इथली. चालायचंच.

नोकरी हिंजवडीत, पण जीव गुंतला तो कसबा पेठेत. तांबट आळीजवळ एका खोलीत दर शनिवारी काही मंडळी लॅपटॉप घेऊन जमायची. खाली भांड्यांची ठोकाठोक, वर आमची वादावादी. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं असावं, ज्याला हवं त्यानं ते उघडून बघावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं, आणि एकदा दिलेलं कुणी परत मागू नये. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. मला त्याचं वेड लागलं. खरोखरचं वेड. लॅपटॉपचं झाकण स्टिकरांखाली दिसेनासं झालं. वारज्यात फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या आधी मी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर खुली सिस्टीम टाकून मोकळी झाले होते. ते गृहस्थ अजून मला बघितलं की लिफ्ट सोडून जिना धरतात.

कसब्यातल्या त्या खोलीत दामले यायचे. शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले, आणि मधल्या वयात दृष्टी गेलेली. फोनवरचं यंत्र त्यांना पेपर वाचून दाखवायचं. ते म्हणायचे, "आमच्याकडे पेपर वाचायला एक बाई ठेवली आहे. फक्त तिला मराठी येत नाही." त्यांच्या या एका तक्रारीवरून आम्ही ठरवलं, वाचणाऱ्या यंत्रासाठी चांगला मराठी आवाज तयार करायचा आणि तो सगळ्यांना मोकळा द्यायचा. त्यासाठी कुणीतरी हजारो वाक्यं स्वच्छ वाचून रेकॉर्ड करायला हवी होती. स्वच्छ वाचणारं माणूस म्हटल्यावर मला एकच नाव सुचलं.

त्या उन्हाळ्यात मी माइक घेऊन दर्यापूरला गेले. आमच्या घरात आवाज घुमायचा, म्हणून आईला गोधडीखाली बसवलं. पंख्याची घरघर नको, म्हणून तोही बंद. वैदर्भी मे महिना, डोक्यावर गोधडी, हातात टॉर्च, आणि आतून वाक्यं येताहेत. बाबा दारात खुर्ची टाकून कुल्फीवाल्याला आणि शेजारणींना अडवायचे. थोड्या वेळानं आई घामानं निथळत बाहेर यायची आणि म्हणायची, "झालं का व?" मग पाणी पिऊन पुन्हा आत.

मी तिला लायसन्स नीट समजावून सांगितलं. हा आवाज कुणीही, कुठेही, कशासाठीही वापरेल, आणि एकदा दिला की तुला परत मागता येणार नाही. ती म्हणाली, "देल्ली वस्तू वापस मांगतात का कोनी?" तिची एवढीच अट होती, की तिचं नाव कुठे टाकायचं नाही, शाळेतले पोट्टे हसतीन. मी ती पाळली. कसब्यातल्या मंडळींनाही मी आवाज कुणाचा ते सांगितलं नाही.

एकच गोष्ट जमली नाही. दर वाक्यानंतर हं यायचंच. मी सांगून थकले. दोन वाक्यं सांभाळायची, तिसऱ्याला परत हं. शेवटी मी नाद सोडला. यंत्रही तसंच शिकलं: वाक्य, मग हं, मग क्षणभर थांबणं.

पुढच्या वर्षांत बाबांना काचबिंदूनं गाठलं. औषधं झाली, ऑपरेशन झालं, पण हळूहळू सगळं अंधारत गेलं. मी त्यांच्याही फोनवर ते वाचणारं अ‍ॅप टाकून द्यायला निघाले होते, तर आई म्हणाली, "मी हाव ना वाचाले. मशीन काहून?" रोज सकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवते, एवढं मला फोनवरून माहीत होतं. कशी वाचते, ते बघायला मी तिथे कधी नव्हते. मी जायचे ती दिवाळीत. दिवाळीत कोण पेपर वाचतं!

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी आई गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी सगळं संपलं. मी पुण्याहून पोचले तेव्हा माझ्यासाठीच थांबले होते सगळे. तेरावं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, आता चला वारज्याला. ते म्हणाले, "इथल्या भिंती मले माईत हायेत." शेजारच्या काकूंनी दोन वेळच्या जेवणाचं अंगावर घेतलं. निघताना मी बाबांच्या फोनवर अ‍ॅप टाकलं आणि भीत भीत विचारलं, कुठला आवाज लावू? बाबा म्हणाले, "तिचाच लाव."

इथे परत आले आणि आई मला पुण्यात भेटायला लागली. पहिल्यांदा भेटली ती एका तपासणी केंद्राच्या लिफ्टमध्ये. रक्त द्यायला गेले होते. दार मिटता मिटता वरून आई म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे. हं." बाकीचे लोक फोनमध्ये डोकं घालून उभे. माझा मजला आला आणि मी उतरले नाही. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. शेवटी लिफ्टमनच्या स्टुलावरच्या बाईंनी विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? नंतर एका वाचनालयात भेटली, पुस्तक परत करायची तारीख सांगताना. एकदा कुणाच्या तरी फोनमधून गॅस सिलिंडर निघाल्याचं सांगत होती. कुणी मला विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. हेच तर मी माइक हातात घेऊन गावभर सांगत फिरले होते. पण गेलेलं माणूस असं कुठेही, न सांगता, दार बंद होतंय म्हणून बोलेल, हे मी धरलं नव्हतं. मी लिफ्ट टाळायला लागले. सेक्रेटरी आणि मी आता जिन्यातच भेटतो.

त्यातच दामल्यांची तक्रार आली. आमच्या कामात दोष सापडला की तो सगळ्यांना दिसेल असा लिहायचा, आणि ज्याच्याकडे ते काम असेल त्यानं त्याचं उत्तर द्यायचं, अशी रीत आहे. आवाजाचं काम माझ्याकडे. त्यांनी लिहिलं होतं, "बाईंना कळवावे की प्रत्येक वाक्यानंतर हुंकार भरण्याची आवश्यकता नाही. आम्ही जागे आहोत." खाली इतरांनी हसून मान्यता दिलेली. मी उत्तरच दिलं नाही. एवढा उशीर मी कधी कुणाला केला नव्हता. शेवटी एका शनिवारी दामल्यांनी तोंडावरच विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की त्या बाई माझी आई, आणि त्या आता नाहीत.

खाली ठोकाठोक चालूच होती. दामले म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतंत." मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "वाईट वाटलं. फार चांगलं वाचतात. पण ते हं काढा. मला रोज दोन पेपर वाचायचे असतात."

असा संताप आला! स्कूटरवर वारज्यापर्यंत मी त्यांच्या पेठेचा उद्धार करत आले. घरी येऊन चहा केला, तो निवला, मग मीही निवले. माणसाचं म्हणणं बरोबर होतं. आवाज त्यांच्यासाठी केला होता, माझ्या रडण्यासाठी नाही. दिवसभर ऐकूनच ज्याला जगायचं आहे, त्यानं ते हं का सोसावं?

मग मी ते काढायला बसले. यंत्राकडून आपोआप काढून घेता आलं असतं, पण मला ते करवेना. रविवारच्या रविवार, एकेक वाक्य ऐकायचं आणि शेपटाशी कापायचं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्या शेवटी ते हं छोट्या उंचवट्यासारखं दिसायचं. त्याच्या मागे आमचं घर होतं. कुकरची शिट्टी, गोधडीची सळसळ, दारातून बाबांचं कुणाला तरी दटावणं. मी कापत गेले. काही वाक्यांना तिला गोधडीत हसू आलेलं होतं, तेही गेलं. शेवटी आवाज स्वच्छ झाला. इतका स्वच्छ की ती कुठल्याच घरातून बोलतेय असं वाटेना.

कापलेल्या वाक्यांवर यंत्राला नव्यानं शिकवलं आणि नवी आवृत्ती मी सगळ्यांना खुली केली. दामल्यांचा निरोप आला, "सुधारणा उत्तम. दोन्ही पेपर आता लवकर संपतात. उरलेल्या वेळात काय करायचं, तेही कळवावे." मी हसले, आणि मग हसताना रडले.

आठवड्याभरात बाबांचा फोन आला. बाबा आपणहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी हातातलं सगळं टाकून तो घेतला. ते आधी पाण्याबद्दल बोलले, काकूंच्या गुडघ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "वैशू, ते आता हं म्हनत नाई."

फोन आपोआप अपडेट झाला होता. मी म्हटलं, बाबा, लोकांना त्याचा त्रास व्हायचा, म्हणून काढलं.

"बरं केलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पन मंग मी हो कोनाले म्हनू?"

तेव्हा मला कळलं. आई पेपर वाचायची, बातमी संपली की हं म्हणून थांबायची, आणि बाबांनी हो म्हटलं की पुढची बातमी. झोपले तर नाहीत ना, एवढंच बघायचं असायचं तिला. बाबांचं दिसणं गेलं त्यानंतरचा हा घरातला सगळा व्यवहार. तो मी निघून गेल्यावर सुरू झाला होता, म्हणून मला ठाऊकच नव्हता. आणि ती गेल्यानंतरही, रोज सकाळी, त्या रिकाम्या घरात बाबा फोनला हो म्हणत होते.

मी त्याच संध्याकाळची गाडी पकडली. घर सोडून गेलेल्या आपल्या सगळ्यांना वाटतं, आपण निघालो तिथेच घर थांबलंय. ते थांबत नाही. आपल्या मागे त्याच्या कितीतरी आवृत्त्या होऊन जातात आणि आपण आपली जुनीच उराशी धरून बसतो. मला वाटायचं, माझं घर म्हणजे एसटी स्टँडवर खिडकीखाली उभी असलेली ती दोघं. ते तर केव्हाच मोडलं होतं. त्यानंतरचं घर एका हं आणि एका हो वर उभं होतं, आणि त्यातलं निम्मं मी वारज्यात बसून कापून टाकलं होतं.

पण आमच्या कामात एक बरं असतं. नवं आलं म्हणून जुनं कुणी फेकत नाही. ते तिथेच असतं, ज्याला हवं त्यानं घ्यावं. दामल्यांना त्यांचं, बाबांना त्यांचं. पोचल्या पोचल्या मी बाबांच्या फोनवर जुना आवाज परत बसवला आणि अपडेट बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. ओसरीवर बाबांनी पेपर लावला. कापसाचा भाव वाचून झाला. "हं." बाबा म्हणाले, "हो." धरणातलं पाणी वाचून झालं. "हं." "हो." बाबांचा आवाज रोजच्यासारखा, जराही न हललेला. मी गॅस बारीक करून नुसती उभी राहिले.

मग दूधवाला आला. बाबा भिंत चाचपत पातेलं घेऊन दाराशी गेले, फोन तिथेच खुर्चीवर बोलत राहिला. बातमी संपली. "हं," आई म्हणाली आणि थांबली. ते यंत्र कुणासाठी थांबत नसतं, हे मला माहीत आहे. मीच केलंय ते. ओसरीवर कुणी नव्हतं.

"हो बाई," मी म्हटलं.

मग तिनं पुढचं वाक्य वाचलं.