भांडणाचा कॅमेरा

मंडपाच्या धंद्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात, फाटके पडदे आणि किस्से. पडदे निदान पोतं भरलं की टाकून देता येतात, किस्से कुठं टाकणार? वडवणीत माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. लग्न, बारसं, सभा, सप्ताह, खांब रोवायला सगळीकडं मीच, तेव्हा पोतं कायम भरलेलं. पण हल्ली टपरीवर बसलो की मंडळी एकच फर्माईश करतात, "मामा, ते शूटिंगचं सांगा!"

तर माझी भाची अश्विनी पुण्यात सिनेमाचं शिकली आणि एका चॅनलच्या शोमध्ये निवडली गेली. शो असा की नव्या पोरापोरींनी आपापल्या गावात छोटा सिनेमा करायचा, आणि तो करताना त्यांचं काय काय होतं ते चॅनलनं शूट करायचं. म्हणजे एक कॅमेरा सिनेमाचा आणि दुसरा त्या सिनेमावाल्यांकडं बघणारा. लग्नात फोटोवाला आणि व्हिडिओवाला नवरीला दोन्हीकडून ओढतात ना, तसं. मला तिनं प्रॉडक्शन मॅनेजर केलं. म्हणजे खुर्च्या, जनरेटर आणि चहा!

चॅनलकडून एक साहेब आले होते. त्यांच्या हुद्द्यातच 'क्रिएटिव्ह' होतं, म्हणून गाव त्यांना क्रिएटिव्ह साहेब म्हणायचं. त्यांचा कॅमेरा धरायला पाटकर. हा माणूस फारसा बोलायचा नाही, साहेब सांगतील तिकडं कॅमेरा फिरवायचा.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी अश्विनीला गोष्ट विचारली.

"ऊसतोडीला जाणारी बाई घर बंद करते."

"ओके. मग?"

"भांडी पालथी घालते. चूल लिंपते. शेळी शेजारणीकडं देते."

"मग?"

"कुलूप लावते."

"आणि मग?"

"मग संपला सिनेमा."

साहेबांचा चेहरा पंगतीत जिलबी संपल्यासारखा झाला. "अगं, यात कॉन्फ्लिक्ट कुठंय?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, शेळी जायला तयार न्हाई. तेवढं धरा!"

अश्विनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी थेट चहाच्या किटलीमागं गेलो.

*

बाईचं काम करत होती सविता. ती खरीच ऊसतोडीला जाणारी. ती आणि तिचा नवरा भागवत दरवर्षी टोळीबरोबर जातात आणि उन्हाळ्यातच परततात. अश्विनीचा हट्ट असा की कुलूप लावायचा शेवटचा शॉट सविता खरी निघेल त्याच दिवशी घ्यायचा. ट्रक दारात, सामान चढलेलं, माणसं खोळंबलेली. "मामा, निघायच्या दिवशी हात जसा चालतो ना, तो आधी नाही चालणार," म्हणाली.

पटलं मला. पण म्हणजे शॉट एकदाच मिळणार! चुकला की सविता गेली ट्रकमधून आणि पोरीचा सिनेमा शेवटाविना. तिची झोप उडाली होती, आणि खरं सांगतो, माझीही. क्रिएटिव्ह साहेब मात्र हे ऐकून जाम खूश झाले.

*

तोवर साहेबांना भांडण हवं होतं. त्यांनी भागवतला गाठलं. "तुम्ही दोघं जरा भांडा ना. सिनेमात काम केल्याबद्दल तू तिच्यावर चिड."

"कावून?" भागवत म्हणाला.

"अरे, नवरा-बायको आहात ना!"

"म्हनूनच की साहेब. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधती. एक रुसला की दोघं बसले. घरी भांडायला परवडत न्हाई!"

मग साहेब अश्विनीकडं वळले. ती शॉट लावायला लागली की हे मध्ये जाऊन विचारायचे, "तुला आत्ता काय वाटतंय?" सविता चुलीजवळ बसलेली, उजेड निघून चाललेला, आणि ह्यांचं आपलं काय वाटतंय! शेवटी सविताच म्हणाली, "साहेब, तिला काम करू द्या. वाटायचं ते मागनं वाटंल."

*

माझं डोकं मात्र तापलं होतं. त्यातूनच आयडिया सुचली.

आमच्या गावचे आप्पा आणि शेजारच्या गावचे बापू हे एकमेकांचे व्याही. लग्न माझ्याच मंडपात झालं. मानाचे फेटे बांधताना बापूंकडच्यांकडून आप्पांना फेटा बांधायचा राहिला. त्या फेट्यावरनं दोघं आजही भांडतात. नातू शाळेत जायला लागला तरी विषय संपलेला नाही!

मी दोघांना निरोप धाडला, गावाबाहेर माझा जुना पडदा बांधला, दोन खुर्च्या समोरासमोर टाकल्या आणि साहेबांना सांगितलं, "चला, खरं भांडन दावतो."

"चारचौघात माझं डोकं उघडं ठिवलं तुमी!" आप्पांनी सुरुवात केली.

"डोकं जाग्यावर हुतं का? तुमी तर पंगतीत जाऊन बसलेले!" बापू.

साहेब हरखले. पाटकर कधी आप्पांवर, कधी बापूंवर. इकडं अश्विनीनं निवांत चूल लिंपण्याचा अख्खा सीन घेतला, शेळीचाही घेतला. शेवटी पाटकर म्हणाला की बॅटरी संपली. आप्पा थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "दुसरी हाय का? अजून आहेराचं राहिलंय!"

तेव्हापासून गावात त्या कॅमेऱ्याचं नाव 'भांडणाचा कॅमेरा' पडलं. तो दिसला की लोक मुद्दाम आवाज चढवायचे, आणि दुसरीकडं सिनेमा शांतपणे पुढं सरकायचा.

*

निघायचा दिवस उजाडला. ट्रक दारात आला. अश्विनीनं कॅमेरा लावला. सविता बाहेर आली, दार ओढलं, आणि कोनाड्यात हात घातला तर कुलूप नाही! चटई उचलली, तिथं नाही. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, मुकादम ओरडतोय, "आवरा ये!" भांडणाचा कॅमेरा अश्विनीच्या तोंडावर. पोरीचा चेहरा पांढरा पडला, पण आपला कॅमेरा तिनं बंद केला नाही.

सविता क्षणभर थांबली. मग गाठोड्यातनं जुनं लुगडं काढलं, त्याची काठाची पट्टी टरकन फाडली, कडीत ओवली आणि गाठ मारली. वर आणखी एक मारली. ओढून बघितली. उंबऱ्याला हात लावला आणि ट्रकमध्ये चढली.

"अगं सविता, कुलूप?" मी ओरडलो.

"ऱ्हाऊ द्या मामा! आत काय हाय? आन गाव हाय की हितंच!"

ट्रक वळेपर्यंत अश्विनीनं कट म्हटलं नाही.

सगळे पांगल्यावर पाटकर माझ्याजवळ आला आणि खिशातनं कुलूप काढून माझ्या हातात ठेवलं. "साहेबांनी लपवायला दिलं होतं," एवढंच बोलला, मान खाली घालून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साहेबांकडं निघालोच होतो, तर अश्विनीनं दंड धरला. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. "मामा, राहू द्या. कुलपापेक्षा चांगलं मिळालं."

ते कुलूप मी अजून लावलेलं नाही. लावायचं तर सविताची गाठ सोडावी लागली असती.

*

मग एपिसोड आला. आप्पा आणि बापू स्लो मोशनमध्ये, मागं ढोल! अश्विनी ढसाढसा रडताना दाखवली आणि खाली लिहिलं, 'दिग्दर्शिका कोलमडली'. आमच्या ताईचा लगेच फोन, "कोन बोललं गं तुला?" अश्विनी म्हणाली, "आई, मी ठेच्याच्या मिरच्या परतत होते!"

सिनेमा किती दाखवला? भांडता भांडता बापूंचा चष्मा पडून उचलला जातो ना, तेवढाच वेळ.

अश्विनी त्या दिवशी जेवली नाही. मग पानावरनं उठून म्हणाली, "सविताला तरी अख्खा दाखवायचा."

*

मी टेम्पोत जनरेटर टाकला आणि सगळ्यात चांगला पांढरा पडदा घेतला, फाटका नव्हे! साखर कारखान्याच्या तळावर टोळीच्या कोप्यांपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढं, आम्ही दिवेलागणीला पडदा बांधला. क्रिएटिव्ह साहेबही हजर. शेवटच्या एपिसोडसाठी त्यांना सविताचं रडणं हवं होतं. पाटकरला तिच्या समोरच बसवलं.

सिनेमा लागला. भांडी पालथी झाली. चूल लिंपली गेली. शेळी शेवटी गेली तेव्हा बायका हसल्या. मग गाठ आली.

सविता माझ्याकडं वळली. "मामा, गाठ हाय ना अजून?"

"हाय," मी म्हणालो.

"पुन्यांदा लावा!" मागनं एक म्हातारी ओरडली. मग सगळ्याच ओरडायला लागल्या. अश्विनीनं पुन्हा सुरू केला.

साहेब तरातरा पडद्यापुढं आले. "पाटकर! तिचा क्लोज घेतलास ना?"

पाटकर बायकांमध्ये मांडी घालून बसला होता. त्याचा कॅमेरा शेजारी पोत्यावर, झाकण लावलेला.

"सर, खाली बसा," तो म्हणाला. "मागच्यांना दिसत नाही."