दूध वर्ज्य असलेल्या घरात

मुलीची पाळी दुसऱ्या महिन्यातही आली नाही, तेव्हा मी वहीत लिहिलं, 'अंडाशय थांबले' आणि खाली रेघ ओढली. मी शाळेत गणित शिकवते. उत्तराखाली रेघ ओढायची सवय आहे.

मुलीला जन्मजात गॅलॅक्टोसेमिया आहे. दुधातली साखर तिच्या शरीरात विषासारखी साठते. आम्हा नवराबायकोकडूनच तो दोष तिच्याकडे आला. सत्तावीस वर्षं घरात तिच्यासाठी दूध, दही, पेढा सगळं वर्ज्य. या आजारात अंडाशयही लवकर थकतात, हे डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं. लग्नाआधी आम्ही ते साताऱ्याच्या जावयांना सांगितलं. त्यांनी तरीही होकार दिला. पुढे तपासणीत अंडाशयात किती बीजं उरली आहेत, तो आकडा फारच कमी आला. पाळी थांबलीच, तर हार्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या असं ठरलं होतं.

त्यासाठीच ती माहेरी, सांगलीला आली. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. गुरुवारी आम्ही नदीकाठच्या दत्तमंदिरात गेलो. मी काही मागितलं नाही. उत्तर लिहून झालं होतं, मागायचं काय?

तिथे पंचामृत वाटत होते. मुलीने हात मागे घेतला. शेजारी बसलेल्या वडूजकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं, तसा त्यांनी आपल्या तांब्यातला नदीच्या पाण्याचा घोट तिच्या ओंजळीत घातला. मग तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"पोरी, पाळी कवा आलती?"

मुलगी लाजली. मीच आजार, आकडा, गोळ्या, सगळं सांगितलं.

"गोळ्या मागनं. आदी तपासून बघ, दिवस गेल्यात का."

"अहो, तिचा आजार वेगळा आहे," मी म्हणाले.

"आजार आसंल वेगळा, बाई. पर पोट बाईचंच हाय की."

मुलगी खुदकन हसली. कित्येक आठवड्यांनी.

दुसऱ्या सकाळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मी दुसरी पट्टी आणवली. तिच्यावरही दोनच. सोमवारी डॉक्टरांनी सोनोग्राफीत ठोका दाखवला आणि म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं ना, शक्यता कमी आहे, पण शून्य नाही." खरंच सांगितलं होतं. मी वहीत पहिलं अर्धं वाक्यच उतरवून घेतलं होतं. कमी म्हणजे शून्य धरायची चूक मी मुलांना कधी करू देत नाही.

पुढच्या गुरुवारी त्या बाईंना शोधलं. भेटल्या नाहीत. त्या कोण होत्या, यावर मी तर्क करत नाही. आम्ही विचारायचंच सोडलं होतं, त्यांनी विचारलं, एवढं मला ठाऊक आहे.

नात झाली. तिचं रक्त तपासून आलं, आजार नाही, दूध चालेल. मी बातमी द्यायला खोलीत धावत गेले, तर डॉक्टरांनी लेकीला ते आधीच सांगितलं होतं आणि तिने बाळाला अंगावर घेतलंही होतं. जिच्या ओठाला दुधाचा थेंब लागू नये म्हणून मी जन्मभर पहारा दिला, तिच्याच छातीशी ते इवलंसं तोंड चुटूचुटू पीत होतं.

वही अजून लिहिते. आकडे तसेच लिहिते. खाली रेघ मात्र ओढत नाही, तेवढी जागा दत्तमहाराजांची.