भाकर चाखणारा

भाकरीचा घास तोंडात असतानाच त्यानं माझ्या सुनेला आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. त्याचं चावणं थांबलं.

लातुरात शिकवणीच्या पोरांसाठी त्याची खानावळ आहे. दारात मी भाजी विकते. सैपाकाला बाई ठेवायची असली की तो सगळ्यांना एकच पीठ, एकच तवा देतो आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसतो. कोणती भाकर कोणाची, ते दिसू नये म्हणून. "मावशी, आपल्याकडं वशिला चालत न्हाई," असं मला नेहमी ऐकवायचा. ते खरंही होतं. सख्ख्या मेव्हणीला त्यानं परत पाठवलं होतं.

त्या दिवशी चौघींतून त्यानं सुनेचीच भाकर निवडली. "लई चव हाय. हीच बाई पायजे," म्हणाला. सून पुढं झाली, आणि मग आडनाव निघालं.

"माझं काय न्हाई, मावशी. पोरांचे मायबाप इचारतेत, सैपाक कोण करतंय म्हणून. भांड्याला येऊ द्या हिला."

एवढं बोलून त्यानं उरलेली भाकर ठेच्यासंगं संपवली.

माझ्या भाजीवर घर चालत नाही. दुसऱ्या दिवशी सून भांड्याला गेली. अजून तिथंच घासते.