डोकी मोजणारे साडू

माणसाला चेहरा देवानं उगाचच दिला, असं ठाम मत असलेले जबलपुरातले एकमेव गृहस्थ म्हणजे माझे मोठे साडू. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डोकी राहतात. एका खाजगी दवाखान्यात लोकांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढणं आणि हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन नसा तपासणं, ही त्यांची नोकरी. त्यामुळे कुणीही भेटलं की त्यांची नजर कपाळावरून सरळ टाळूवर जाते आणि हात तारांच्या जागा मोजायच्या खिशातल्या टेपकडे. तेलकट केसांवर तारा चिकटत नाहीत, म्हणून तेल लावणारी माणसं त्यांना समाजाला लागलेली कीड वाटतात. धाकट्या मेहुणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आम्ही सगळे मुलाचं शिक्षण विचारत होतो. यांनी विचारलं, "डोक्याला एवढं तेल काहून लावून राहिले? आणि झोप पुरती होते नं?" पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला आणि मुलीलाच काही आजार आहे का, याची गल्लीभर चौकशी केली. लग्न झालं खरं, पण त्या घरात साडूंसमोर आजही कुणी टोपी काढत नाही.

नसांच्या तपासणीत तर त्यांची माया उतू जाते. झटका देण्याआधी ते मधाळ आवाजात सांगतात, "चींटी काटेगी भैया, बस." सिहोऱ्याचा एक दणकट धान्य-अडत्या खाटेवरून वीतभर उडाला आणि म्हणाला, "आपके यहाँ चींटी को खिलाते क्या हो?" साडूंनी शांतपणे दुसरी सोडली.

मात्र कागदावर काय उमटलं हे विचारलं, की हा बोलका माणूस एकदम मुका. "रिपोर्ट डॉक्टरसाहेब देतील. मी फक्त तारा लावतो." सख्ख्या आईलाही त्यांनी एवढंच सांगितलं होतं.

मग माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या मैदानावर फिट येऊन पडली. तिचा आलेख साडूंनीच काढला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाले, "एक तार ढिली होती भाऊ, पुन्हा काढतो." पुन्हा अर्धा तास गेला. "काय दिसलं?" मी विचारलं. "डॉक्टरसाहेब सांगतील," ते खाली बघत म्हणाले. डॉक्टरांनी मिरगी सांगितली. औषधं सुरू झाली आणि मी साडूंशी चार महिने बोललो नाही. घरचा माणूस असून तोंड उघडलं नाही आणि वर कामातही हलगर्जी केली, याचा राग होता.

मुलगी आता ठणठणीत आहे, कॉलेजात शिकवते. परवा साडू घरी आले होते. मी सहज टोमणा मारला, "तेव्हा तुमची ती तार घट्ट असती, तर पोरीचा अर्धा तास वाचला असता."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तार ढिली नव्हती भाऊ. पहिल्या खेपेलाच मिरगी साफ दिसली होती. वाटलं, दुसऱ्यांदा तरी चांगलं येईल."

माझ्या मुलीचं दुखणं माझ्याआधी त्यांना कळलं होतं, आणि भिंतीपलीकडे ते त्यांनी एकट्यानं सोसलं होतं. मी चार महिने अबोला धरला, त्याची आता फार लाज वाटते.