शनी-मंगळाची गार

अजूनबी कोणी पंचांग उघडलं का मायं डोकं उठते. त्या साली जोशानं माया बापाले सांगतलं, शनी अन् मंगळ एका राशीत येऊन रायले. दिवाळी झाल्यावर गारा पडतीन, कापसाच्या पऱ्हाटीवर बोंड रायणार नाई. झालं! बाप जेवताना बी आभाळाकडंच पाहे.

तवा कापसाले असा भाव होता, का अकोटापासून अकोल्यापावतर ज्याच्यात्याच्या वावरात कापूसच. आमी तं जवारीले बोटभर जागा ठेवली नोती. कापूस इकू अन् जवारी घेऊ, असा बापाचा बेत. कणगी रिकामी होती.

"बा, बोंडं कच्ची हायेत," म्या म्हणलं.

"तुले ग्रह कळते का? गप तोड!"

मायनं अन् म्या दहिवरात भिजत कच्ची-पक्की सारी बोंडं ओरबाडली, घरात छतापावतर कोंबली. शनी-मंगळ भेटले. आभाळात ढगाचा ठिपका नाई! अन् इकडं ढिगात हात घातला तं आतून वाफा. कापूस पिवळा पडला, सरकीले मोड फुटले. अकोल्याच्या व्यापाऱ्यानं नाक दाबून गाडी माघारी धाडली.

मंग माय अन् मी शेजाऱ्याच्या वावरात वेचणीले जाऊ लागलो. वेचणी सरली का मजुरीची जवारी सारी संगच भेटणार होती. तोवर रानभाजी उकडून खाऊन रायलो. मायचे डोळे खोल गेले. बाप बांधावर बसून रोज विचारे, "ढग दिसून रायला का व?" मले वाटे, धोंडा घालावा त्या ग्रहाईवर. मेले वर भेटले काय अन् नाई काय, आमच्या चुलीशी त्याईचं काय वैर?

शनी-मंगळ कवाचेच फाकले होते. अन् एका दुपारी अकोटाकडून काळं आभाळ चढलं, वारं सुटलं. म्या हात जोडले, "नको रे बाप्पा, आता नको! थोडकीच वेचणी रायली."

पहिली गार मायच्या खांद्यावर बसली. पाहता पाहता पांढरं वावर चिखलात गेलं. अन् बांधावर बाप उभा, गारा अंगावर झेलत, दोन्ही हात वर करून हासून रायला.

"आल्या! म्हणलं नोतं म्या? पाह्य, आल्या!"

मायनं त्याच्याकडं पायलं बी नाई. ती खाली बसून चिखलातला कापूस वेचून रायली होती.