पारा सरांच्या घरातला गारवा

पारा सर कुठेही बसण्याआधी त्या जागेवर उलटा पंजा टेकवत. खुर्ची असो, बाक असो, एसटी स्टँडवरचा कट्टा असो. क्षणभर थांबत आणि म्हणत, "आत्ताच कोणी उठलंय." बहुतेक वेळा ते खरं निघे. पारोळ्याच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. खिशाला पेनाशेजारी तापमापी अडकवलेली, म्हणून हे नाव. एरवी त्यांचा पारा चढलेला कुणी पाहिला नव्हता.

एकदा त्यांनी दोन पेले आणले. एकात माठातलं पाणी, दुसऱ्यात उकळतं. दोन्हींत जांभळ्या औषधाचा एकेक खडा टाकला. गरम पाण्यात रंग धुरासारखा धावत सुटला, गार पाण्यात तळाशीच रेंगाळला. "रेणू दिसत नाहीत," सर म्हणाले. "ते दुसऱ्याला कसे ढकलतात, ते मात्र दिसतं. गरम पाण्यात जोरात पळतात, गारात हळू. पण थांबत कोणीच नाही."

मागून एकीनं विचारलं, "सर, मेलेल्या माणसातले पण?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "त्यातलेही," म्हणाले, आणि गार पाण्यातला रंग पुरता पसरेपर्यंत त्या पेल्याकडे बघत राहिले.

नववीच्या परीक्षेत, एप्रिलच्या उन्हात, मला अक्षरं दिसेनाशी झाली. सरांनी कपाळाला हात लावला आणि ओरडले, "हिचं अंग कोरडं आहे! घाम थांबलाय!" त्यांनी मला व्हरांड्यात निजवलं, शिपाईमावशींना माझ्या अंगावर माठ रिकामा करायला लावला आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. आणखी अर्धा तास गेला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर आईला म्हणाले.

त्या रात्री आईनं सांगितलं. सरांच्या बायकोला असंच ऊन लागलं होतं. सर शाळेत पेपर तपासत होते. घरी आले तेव्हा पत्र्याच्या खोलीत ती खुर्चीत बसल्या बसल्याच गेलेली होती, आणि तिचं कपाळ हवेपेक्षा गरम होतं.

मे महिन्यात आईनं मला त्यांच्याकडे कैरीचं लोणचं घेऊन पाठवलं. भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सरांनी दार उघडलं. आतली खोली बंद, अंधारी, भट्टीसारखी तापलेली. मधे दोन लाकडी खुर्च्या समोरासमोर. एकीत सर बसले. मी दुसरीकडे वळले, तर ते हळूच म्हणाले, "तिथं नको. आधी हात लाव."

मी हात लावला. खुर्ची गार होती.

"हाताचं खरं मानू नको," सर म्हणाले. "हात फसवतो. कडी आणि दार सारखंच तापलेलं असतं, पण कडीच जास्त चटका देते." त्यांनी तापमापी माझ्या हाती दिली. मी भिंतीला लावली, बेचाळीस. टेबलाला, बेचाळीस. सरांच्या शेजारच्या कोनाड्याला, बेचाळीस. खुर्चीच्या बैठकीला लावली तेव्हा पारा माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकला आणि अडतिसावर थांबला.

"हिवाळ्यात माणूस उठून गेला की खुर्ची गरम लागते," सर वर्गात बोलावं तसं बोलत होते. "इथल्या मे महिन्यात उलट. हवा बेचाळीस, माणूस सदतीस. माणूस बसला की खुर्चीतली उष्णता त्याच्या अंगात जाते, लाकूड निवतं. मग दहा मिनिटांत परत तापतं."

"पण सर, कोण बसलं होतं?"

सरांनी मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं. दहा मिनिटं आम्ही तसेच थांबलो. मी पुन्हा तापमापी लावली. अडतीसच.

मी तापमापी टेबलावर ठेवली. "सर, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती?" त्यांना खरंच नवल वाटलं. "त्या दुपारी ती एकटी होती. आता मी सुट्टीभर इथं बसतो."

मी चप्पल न घालताच पळाले. पाय पोळले, तेही घरी आल्यावर कळलं. कुणाला काही सांगितलं नाही. पण पुढं सर वर्गात उष्णता शिकवू लागले की मी वहीतून मान वर करत नसे.

सर निवृत्त झाले आणि त्यांचे भाऊ त्यांना धुळ्याला घेऊन गेले. तिथं पक्कं घर, कूलर, नातवंडं. बरं झालं, असं सगळे म्हणाले; मीही म्हणाले. पुढच्याच मे महिन्यात कॉलेजहून येताना स्टँडवर ते दिसले, हातात एकच पिशवी, अंगानं अर्धे झालेले.

"सर, धुळ्याला करमलं नाही का?"

शाळेत कधी न बोललेल्या घरच्या बोलीत ते म्हणाले, "भाऊ चांगला शे, वहिनी चांगली शे. पन तठे बठ्ठं घर सारखंच तापस, माय." तिथं सगळं घर सारखंच तापतं, एवढंच त्यांचं गाऱ्हाणं.

आणि भर उन्हात ते घराकडे निघाले, कुणीतरी जेवायचं थांबलं असावं अशा घाईनं.