वाफसा येईपर्यंत

आप्पांना जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं तेव्हा तुम्हा गावच्या मंडळींपैकी निम्मी माणसं आमच्या दारात उभी होती. कुणी त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली, कुणी "लवकर माघारी या" म्हणालं. परंड्याचा किल्ला मागे पडल्यावर आप्पांनी मला एवढंच विचारलं, "धाराशिवात यष्टी तुझ्या घरापासनं किती लांब?" पोचायच्या आधीच परतीची चौकशी.

मीही याच रस्त्यानं लग्न होऊन गेले होते. सव्वीस वर्षं झाली. मी रडले आणि आठवड्याभरात सावरले, कारण माणसाला पुढे काहीतरी उभं करायचं असलं की जाणं जमतं. आप्पांपुढे उभं करायला काय होतं? आई गेल्यापासून ते एकटे राहत होते. दसऱ्याच्या तोंडावर न्हाणीत घसरले, खुब्याला मार बसला, आणि शेजारणीच्या कानावर हाक जाईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, यांना यापुढे एकटं ठेवू नका. मी एकुलती एक. मी शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते, दहा बाजू तपासल्याशिवाय सही करत नाही. पण इथे तपासायला दुसरी बाजूच नव्हती.

लेकीच्या घरचं अन्न न खाण्याची आप्पांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पूर्वी आमच्याकडे आले तर चहा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. आता ते अर्धी भाकरी खायचे, तीही भिंतीकडे तोंड करून. आल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला समोर बसवलं.

"सुमे, बापानं लेकीच्या दारात भाकरी मोडायची नसती. पर पाय ऐकंनात. परसात मला एक वाफा दे, त्यात माझं बी टाक. उगवलं तर माझं म्या पिकवून खाईन आन् ऱ्हाईन. न्हाय उगवलं तर परंड्याच्या यष्टीत बशिव."

बी म्हणजे त्यांचे वाटाणे, विहिरीकडच्या तुकड्यात पिकवलेले आणि राखेत घोळून डब्यात भरलेले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून पेरायचं मी. मला वाटलं, वाटाणा उगवायला असं काय लागतं?

उसळीला घालते तसे रात्रभर भिजत घातले. आठ बाय चारच्या वाफ्यात सारख्या अंतरावर रेघा ओढल्या, दाणे टोचले आणि पाइप सोडला. सकाळी ऑफिसला जाताना पाणी, आल्यावर पाणी. वर काहीच येईना. उकरून बघितलं तर दाणे बुळबुळीत झालेले, हाताला कुबट वास. एका रेघेत अठ्ठेचाळीस दाणे होते. त्यातले दोन उगवले, तेही पिवळे पडून गेले.

दिवाळीनंतर पुन्हा पेरलं. या वेळी मोबाईलवर व्हिडिओ बघून कोमट पाणी, कोकोपीट, वरून गोणपाट, सगळं केलं. आमचे हे चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले आणि म्हणाले, "वाटाणा पेरलाय की भात लावलाय?" मी म्हटलं, "तुम्हाला कुंडीतली तुळस जगवता आली नाही, तुम्ही बोलू नका." ते कप घेऊन आत गेले. दुसऱ्या खेपेचेही दाणे कुजले.

गावात असताना परसातला वाटाणा मी फक्त तोडला होता. शेंगा ओच्यात भरायच्या, निम्म्या तिथंच खायच्या. पेरणी कधी झाली, ते बघायला मी कधी थांबलेच नाही. इथं नळ आहे, मोटर आहे, हव्या त्या वेळी पाणी आहे. काळजी वाटली की मी पाइप हातात घ्यायची. दुसरं काही करता येत नव्हतं.

आणि एक गोष्ट माझ्या नजरेला खुपायला लागली होती. "आप्पा, काही उगवलं नाही," असं सांगितलं की त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवायचे. जावयाशी बोलायचे. पिशवीतलं धोतर काढून पुन्हा नीट घडी करून ठेवायचे. मी न्हाणीतल्या ओल्या फरशीचा विचार करत ताटं उचलायची.

डब्यात शेवटची ओंजळ उरली. त्या रविवारी दुपारी मी वाफ्यात बसून जुने कुजके दाणे बोटांनी वेचत होते. पाइप चालूच होता. चिखल कोपरापर्यंत आला, आणि मला रडू फुटलं. आप्पा मागच्या दारात खुर्चीवर होते. बराच वेळ बघत राहिले.

"नळ बंद कर," ते म्हणाले.

मी केला.

"ह्ये शेवटचं बी भिजत घातलंस का?"

"नाही. रात्री घालणार होते."

"घालू नगंस. वाफा सोड तसाच. वाफसा यिऊ दे. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आन् बोट लावलं की फुटावा. मग कोरडं बी टोच. कोंब वर दिसस्तवर पाण्याचा थेंब न्हाय. काळी माती हाय ही, पाणी धरून बसती. दाणा गुदमरतो."

मी तोंड पुसलं. "आप्पा, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "उगवलं असतं तर ऱ्हावं लागलं असतं, बाय."

मग म्हणाले, "आता रडू नगंस. तुझी आई गेल्यावर बी तू अशी रडली न्हवतीस."

मी वाफसा येण्याची वाट बघितली. रोज मूठ दाबून आप्पांपुढे धरायची, ते बोट लावायचे आणि मान हलवायचे. एका सकाळी ते म्हणाले, "टोच." पुढचे दिवस सगळ्यात कठीण गेले. पाइप गुंडाळून मी माळ्यावर टाकला, हात शिवशिवायचे. मग भेगेतून एक वाकडा कोंब दिसला, त्याच्या शेजारी दुसरा. आठवड्याभरात रेघा भरल्या. दहात आठ उगवले होते.

मी आप्पांना धरून वाफ्यापाशी नेलं. त्यांनी बघितलं. आत येऊन धोंडिबाला, त्यांच्या पुतण्याला, फोन लावायला सांगितलं.

"धोंडिबा, माझ्या परसात तुझी शेरडं बांध. रिकामं ठिवू नगंस, गवात माजतं. न्हाय रं. आता न्हाय यायचो."

मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं. ज्यासाठी एवढी तडफडले, तेच झालं होतं, आणि गॅसवरची भाकरी माझ्यासमोर करपत होती.

तुम्ही फोनवर विचारता, आप्पांना तिकडे करमतं का? आता ते आख्खी भाकरी खातात. भिंतीकडे तोंड करत नाहीत. गावाचं नावही काढत नाहीत. माझ्यासारखं तुमच्यातलं जे कुणी शहरात म्हाताऱ्या आईबापांना घेऊन आलं असेल, त्यांना हे न काढलेलं नाव कळेल. माझं घर इथं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. आप्पांचं घर तिथं होतं, आणि माझं रडणं थांबावं म्हणून त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं सोडलं.

वाटाण्याला फुलं लागलीत. शेंगा भरल्या की पहिली भाजी त्यांच्या ताटात वाढायची आहे. वाढताना त्यांच्याकडे कसं बघायचं, ते मला अजून समजलेलं नाही.